खोक्यावर उभे राहिलेले अण्णा

आमचे अण्णा मशीनची माफी मागायचे. शिलाईचं असो, पिठाच्या गिरणीतलं असो, नाहीतर स्वयंपाकघरातला मिक्सर असो, हात लावण्याआधी दोन बोटं त्याला टेकवायची, तीच कपाळाला लावायची आणि हळूच म्हणायचं, "माफ कर हं." यंत्राला नमस्कार करणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. माफी मागणारा मी हा एकच पाहिला. लग्न होऊन नाशिकला आले त्याच महिन्यात त्यांनी माझ्या स्कूटरचीही माफी मागितली. मी त्यांना दवाखान्यात सोडणार होते आणि हे मागच्या सीटला हात लावून उभे. "माझं वजन पडणार ना तिच्यावर," म्हणाले. "अण्णा, माझंही पडतंच की," मी म्हटलं. "तुझ्या वजनाची तिला सवय आहे," असं म्हणून ते इतक्या हलक्या अंगाने बसले, की मागे कुणी आहे की नाही हे बघायला मला रस्त्यात मान वळवावी लागली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे मखमलाबादकडचे, फुलं पिकवणाऱ्या घरातले. त्यांचे भाऊ झेंडू-शेवंतीच्या मळ्यात राहिले आणि अण्णा आयटीआय करून कारखान्यात फिटर झाले. याचंही त्यांना अपराधी वाटायचं. भाऊ उन्हात आणि आपण पंख्याखाली. मळ्यातून भाजी आली की पिशवी हातात घेताना यांचा चेहरा पडलेला. भाजी निवडतानाही कुठे कोवळी भेंडी सापडली तर म्हणायचे, "ही त्यांनी बाजारात न्यायला पाहिजे होती." सासूबाई वैतागायच्या. "शेजारचं दूध नासलं तरी तुझ्या सासऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं," म्हणायच्या. मी पडले सटाण्याची. आमच्याकडे चूक झाली की आवाज चढवून बोलायची पद्धत आहे. त्यामुळे हा माणूस मला सुरुवातीला अजिबात कळेना.

दोन हजार सालाच्या आगेमागे कारखान्याने जुन्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. "स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी," एवढंच अण्णा बोलले. सिडकोत आमचं छोटं रो-हाउस. त्याच्या बाजूच्या बोळात, गल्लीकडे तोंड करून त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि लाकूडकाम सुरू केलं. रंधा, पटाशी, हातकरवत. पाट झाले, चौरंग झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मांडणीच्या फळ्या झाल्या. सगळं काम कसं सरळ रेषेत. मग एकदा जेवताना ते म्हणाले, "वळणाचं काम करायचं तर बँडसॉ पाहिजे." बँडसॉ म्हणजे काय हे सासूबाईंना समजावताना त्यांनी ताटात बोट फिरवून दाखवलं. वर एक चाक, खाली एक चाक, त्यांच्यावरून दातेरी पट्टा सारखा फिरत राहतो, आणि लाकूड आपल्याला हवं तसं वळवत त्याच्यात सारायचं. "आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनची दुखणी काढली," ते म्हणाले. "एक आपलं म्हणून असावं." आणि लगेच पाणी पिऊन, "नसलं तरी चालेल."

मी इतक्या वर्षांत त्यांना स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. चप्पलसुद्धा माझ्या नवऱ्याची, संजयची, जुनी घालायचे. म्हणून मीच हट्टाला पेटले. नवं घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा जुनं शोधायचं ठरलं. "आणा, आणा, म्हातारपणी सवत आणा," सासूबाई म्हणाल्या. "निदान ती तरी तुमचं ऐकेल." संजयला कारखान्याच्या पाळ्या, स्कूटर माझ्याकडे, आणि शाळेत शिकवत असल्यामुळे रविवार मोकळा. अण्णांना मागे बसवून नाशिकभर जुनी मशीनं बघत फिरायचं काम माझ्याकडे आलं ते असं.

जुन्या मशीनची जाहिरात कुणी देत नाही. चहाच्या टपरीवर, वखारीत, भंगारवाल्याकडे नुसतं बोलून ठेवायचं. मग कुणीतरी सांगतं, अमक्याकडे एक पडलंय. आपण गेलो की विकणारा मशीनवरची गोणपाटं काढतो आणि घेणारा आधी भाव विचारतो, मग मोटर. अण्णांचा पहिला प्रश्न वेगळाच. "का विकताय?" हे ते इतक्या काळजीने विचारायचे की समोरचा गांगरायचा. काहीजण म्हणायचे जागा नाही, काहीजण म्हणायचे नवं घेतलंय. अण्णा त्यावर पुन्हा हळूच, "नाही, खरं कारण?" जेलरोडच्या एका माणसाने तर त्यांना तोंडावरच विचारलं, "ओ काका, तुम्हाला मशीन घ्यायचंय का सोयरीक करायचीय?" मी हसले. अण्णा ओशाळले, त्याची माफी मागितली आणि तरी उत्तराची वाट बघत उभे राहिले.

पंचवटीतल्या फर्निचरवाल्याचं मशीन मला पसंत होतं. भक्कम, बेताच्या भावात. तो म्हणाला, "खरं सांगू का, पनवती आहे. पट्टा चाकावरून सारखा उतरतो. कारागीर हात लावायला घाबरतात." अण्णांनी मशीनची माफी मागितली आणि वरचं चाक उघडून आत वाकले. चाकावरच्या रबरावर भुसा आणि डिंक बसून दगड झाला होता. तो खरवडला, चाकाचा कल जरासा बदलला, कुठलासा नट आवळला आणि मशीन चालू केलं. मग खिशातलं नाणं काढून टेबलावर उभं केलं. मशीन चालू आणि नाणं उभंच्या उभं. फर्निचरवाला बघतच राहिला. "काका, मग आता मी विकू कशाला?" तो म्हणाला. "तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले. येताना मी रामकुंडापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मग स्कूटर थांबवून म्हटलं, "अण्णा, आपण घ्यायला आलो होतो." "हो गं," ते म्हणाले, "पण बरं झालं ना त्याचं." चेहरा असा खुललेला की मला रागावताही येईना.

हे काही एकदाच झालं नाही. अण्णांनी अशी किती मशीनं विक्रीतून वाचवली कोण जाणे. पुढे पुढे तर ज्यांना विकायचं नव्हतं तेही निरोप धाडू लागले, "काकांना म्हणावं एक मशीन आहे, बघून जा." गेलं की मशीन दुखणाईत, मालक खुशालचेंडू. अण्णा दुरुस्त करायचे, चहा प्यायचे आणि आम्ही हात हलवत परत. शेवटी माझ्या वडिलांनी सटाण्यातलं एक मशीन हेरलं. शेतीची अवजारं करणाऱ्या ओळखीच्या सुताराचं. त्याच्यात बिघाड काही नव्हता आणि कारणही साधं होतं. "मशीन चांगलं शे, पन चालाडनारा कोनी नही," तो म्हातारा म्हणाला. मुलं पुण्याला गेलेली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली आणि जाता जाता पदराने मशीनचं टेबल पुसून गेली. अण्णांनी ते पाहिलं. चहा कसाबसा संपवला, म्हाताऱ्याच्या पाया पडले आणि बाहेर. माझ्या वडिलांना वाटलं, यांना आमची वस्तू हलकी वाटली. व्याह्यांची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले.

नाशिकमध्ये ज्याला म्हणून विचारावं तो एकच सांगायचा, "दिंडोरीला जा. पेटीवाल्यांची मशीनं मातीमोल पडलीत." पूर्वी आपल्याकडची द्राक्षं लाकडी पेट्यांतून बाहेरगावी जायची. हंगामाआधी दिंडोरीच्या बाजूला शेड-शेडमध्ये बँडसॉ घरघरायचे, फळ्या पडायच्या, पेट्यांचे ढीग लागायचे. नव्वदच्या दशकात पुठ्ठ्याची खोकी आली आणि पेट्या गेल्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दिंडोरीचं नाव काढलं की अण्णांना काहीतरी आठवायचं. आज ऊन फार आहे, तुझं पोट दुखतंय ना, गाडीत पेट्रोल कमी दिसतंय. एका रविवारी मी काही न बोलता स्कूटर दिंडोरी रस्त्याला लावली. म्हसरूळ मागे पडलं तसे ते म्हणाले, "सूनबाई, चहा घेऊ या का?"

टपरीवर मी स्फोट केला. "अण्णा, तुम्हाला मशीन घ्यायचंच नाही. तसं सांगा, म्हणजे मी माझे रविवार झोपून काढते." ते बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "घ्यायचंय. पण दिंडोरीचं कसं घेऊ? त्या पेट्या मीच बंद पाडल्या."

मला आधी काही समजलंच नाही. त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांचा कारखाना पुठ्ठ्याचाच. द्राक्षांच्या खोक्यांचं नवं मशीन आलं तेव्हा ते बसवायला पुढे अण्णा होते. त्याचा पाया, त्याचे बोल्ट, त्याची पहिली चाचणी, सगळं यांच्या हातचं. पहिली खोकी पडली तेव्हा साहेबांनी पेढे वाटले. "त्याचं काही नाही," अण्णा म्हणाले. "नोकरी होती. मी नसतो तर दुसऱ्याने बसवलं असतं. पण त्याच आठवड्यात एक माणूस गेटवर आला. दिंडोरीचा. काखेत लाकडी पेटी. म्हणाला, ते खोकं कसं असतं ते बघायचंय. साहेब म्हणाले, दाखव रे याला. मी एक खोकं आणलं. तो म्हणाला, हे दबणार नाही का? आणि मी..." अण्णांनी बशी खाली ठेवली. "मी खोकं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावर चढून उभा राहिलो. हसत. दोन्ही हात असे पसरून. बघा म्हटलं, माणूस उभा राहतोय. सगळे हसले. त्याने खोकं उचलून बघितलं, म्हणाला, लय हलकं हाय. चांगलं हाय. आणि पेटी परत काखेत मारून गेला."

"मशीन बसवलं ते पोटासाठी," अण्णा म्हणाले. "पण खोक्यावर चढायला मला कुणी सांगितलं नव्हतं."

कपबशा परत दिल्या, पैसे दिले. मग मी माझ्या सटाण्याच्या पद्धतीने म्हटलं, "चला. त्या माणसालाच शोधू. जे काय म्हणायचं ते त्याला म्हणा. रोज उठून माझ्या मिक्सरची माफी मागण्यापेक्षा ते बरं." हे मी फार कडक बोलले असं मला नंतर वाटलं. पण अण्णा निमूट मागे बसले. त्या दिवशी स्कूटरची माफी मागायचंही विसरले.

दिंडोरीत फार शोधावं लागलं नाही. एका शेडमध्ये आता खतांचं दुकान होतं, दुसरीत ट्रॅक्टर उभा. तिथल्याने विचारलं, "कारखान्यात खोकं बघाया गेलते ते? ते रामभाऊ. वढ्याच्या कडंला." द्राक्षाच्या बागेला लागून घर, घराला लागून शेड, शेडच्या कोपऱ्यात ताडपत्री झाकलेलं उंच काहीतरी आणि त्याच्या टपावर कोंबडी बसलेली. रामभाऊ बाजेवर बसून शेंगा फोडत होते. अण्णा उंबऱ्याबाहेरच थांबले. हात जोडले. "मी पुठ्ठ्याच्या कारखान्यातला," म्हणाले. "खोक्यावर उभा राहिलेला."

रामभाऊंनी डोळे बारीक करून पाहिलं. आणि एकदम हसले. "आरं तिच्या! तुमी व्हय! लय वाळले की. या, बसा. ओ, च्या टाका!" अण्णा बसेनात. उभ्यानेच बोलायला लागले, की मी असं करायला नको होतं, माझं चुकलं, तुमच्या पोटावर पाय आला आणि मी वर हसत होतो. रामभाऊ शेंग फोडायचे थांबले. "तुमी असं काय बोलता?" म्हणाले. "म्या त्या दिशी घरी आलो नि मंडळीला सांगितलं, मानूस उभा ऱ्हायला तरी खोकं दबंना. आता आपल्या पेटीचं काय खरं नाय. त्या साली म्या लाकूडच भरलं नाय. म्हनून वाचलो. दोन एकर बाग लावली. पोरगा त्याच खोक्यात माल भरतोय. हितं बाकीच्यांनी लाकूड भरून ठिवलं, ते बसले डोक्याला हात लावून. तुमी चढले म्हनून मला समजलं."

मी अण्णांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं मला वाटलं, आणि खरं सांगते, माझेच डोळे भरून आले. अण्णा मात्र विचारात पडले होते. "बाकीच्यांना कुणी दाखवलं नाही?" त्यांनी विचारलं. "म्या सांगितलं. त्यांनी ऐकलं नाय," रामभाऊ म्हणाले. "मी यायला पाहिजे होतं," अण्णा म्हणाले. "खोकं घेऊन यायला पाहिजे होतं. प्रत्येकाच्या शेडमध्ये." मी कपाळावर हात मारला. या माणसाची एक चूक पुसावी तर त्याच जागी तो दुसरी लिहून ठेवत होता.

ताडपत्री काढली तेव्हा कोंबडी ओरडत उडाली. ओतीव लोखंडाचं जड मशीन, हिरवा रंग पोपडे सुटलेला, टेबल हाताने घासून घासून आरशासारखं झालेलं. "का विकताय?" अण्णांनी विचारलं. "म्या कुठं म्हनलं विकतोय?" रामभाऊ म्हणाले. आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "भंगारवाला आला की त्याला च्या पाजत्यात नि माघारी लावत्यात." रामभाऊ मशीनला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी चालवाल?" "रोज," अण्णा म्हणाले. "मंग न्या. बसून गंजतंय ते बघवत नाय. पर एक. वर्षभर तुमचं. दसऱ्याला माझं. पूजा म्या करनार." "दसऱ्याला तुमचंच," अण्णा म्हणाले. त्यानंतर भावाची घासाघीस झाली ती उलटी. रामभाऊ कमी घ्यायला बघत होते आणि अण्णा जास्त द्यायला. मंडळींनी मधे पडून दोघांना गप्प केलं. टेम्पोत मशीन चढवताना अण्णांनी दोन बोटं त्याला टेकवली आणि पुटपुटले. "काय म्हनले?" रामभाऊंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि आपलीही दोन बोटं टेकवली.

मशीन घरी आलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून "ये बाई सवती" म्हटलं. अण्णांनी घरच्या विजेवर चालेल अशी मोटर बसवली, फरशीत भोकं पाडून बोल्टने ते पक्कं केलं आणि आमच्या लेकीसाठी, मनूसाठी, डुलणारा घोडा केला. मग काय, सगळ्या सिडकोतली मुलं घोड्यांवर. गणपतीची घडीची मखरं, पाळण्याच्या महिरपी, देवघराच्या कमानी. शेडमधून भुशाचा गोडसर वास आणि घरघर यायची, आणि अण्णा शीळ घालत असायचे. मी त्यांना शीळ घालताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन पुसून तयार. मखमलाबादहून झेंडू यायचा. सकाळच्या एसटीने रामभाऊ यायचे, धोतर-टोपी, पिशवीत आपट्याची पानं. त्या दिवशी अण्णा शेडमध्ये पाहुण्यासारखे बाजूला उभे राहायचे. रामभाऊ मशीनला तेल-पाणी विचारल्यासारखे त्याच्याभोवती फिरायचे, हार घालायचे, नारळ फोडायचे. पहिल्या वर्षी अण्णांनी त्यांना त्याच मशीनवर केलेली एक द्राक्षाची पेटी भेट दिली. अगदी जुन्या मापाची. रामभाऊंनी ती हातात फिरवली. "झ्याक झालीय. पर आता हिच्यात भरू काय?" दोघं हसत सुटले. पेटी आमच्याकडेच राहिली. दसऱ्याचा झेंडू तिच्यात ठेवायचा असं ठरलं.

काही वर्षांनी अण्णांचं हृदय कुरकुर करायला लागलं. हॉस्पिटलमध्ये छातीला तारा लावल्या तेव्हा त्यांनी हात लांबवून त्या यंत्राला दोन बोटं टेकवली. नर्स हसली. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "मशीन माझ्यामागे ठेवायलाच पाहिजे असं नाही. संजयला जागा लागेल. विका. फक्त कुणी 'का विकताय' विचारलं, तर खरं कारण सांगायचं." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका अण्णा." "तुला त्रास दिला," ते म्हणाले. "रविवार घालवले तुझे." त्यानंतर आमचं धड बोलणं झालं नाही.

पुढचं एक वर्ष आम्ही मशीनवर चादर टाकून ठेवली. मग संजयने गाडी घेतली. गल्ली अरुंद, गाडी दारात लावली की शेजाऱ्यांशी रोज कटकट. शेडची जागा गाडीसाठी अगदी मापाची होती. संजयने कधी घाई केली नाही, उलट मीच म्हटलं की मशीन गंजतंय, बघवत नाही. रामभाऊंचंच वाक्य वापरलं मी, आणि वापरताना ते मला किती सोयीचं वाटलं. घेणारे येऊन गेले. कुणी भाव विचारला, कुणी मोटर. का विकताय, हे कुणीच विचारलं नाही. सातपूरच्या एका कारागिराशी ठरलं. दसरा होऊ द्या, मग न्या, असं संजयने त्याला सांगितलं.

दसऱ्याला रामभाऊ आले. अण्णांच्या दहाव्याला येऊन गेले होते; अण्णा गेले त्या वर्षी घरात दसरा झाला नाही, त्यामुळे त्यानंतर आताच. पाठ वाकली होती. पेटीत झेंडू भरून ठेवला होता. त्यांनी चादर काढली, मशीनवरून हात फिरवला, बोटाला लागलेला गंज पाहिला आणि खिशातल्या फडक्याने पुसायला लागले. मला राहवेना. "रामभाऊ, मशीन द्यायचं ठरलंय," मी म्हटलं.

ते वळले. "का विकताय?" म्हणाले.

माझ्याकडे कारणं पुष्कळ तयार होती. चालवणारं कुणी नाही, गंज चढतोय, एखाद्या गरजूला उपयोग होईल. सगळी खरीच होती. पण अण्णा हॉस्पिटलात जे म्हणाले होते ते आठवलं. मी म्हटलं, "गाडी लावायला जागा नाही."

रामभाऊंनी मान हलवली. फडकं खांद्यावर टाकून ते दाराबाहेर गेले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर तळहात ठेवून बघितलं. मग परत येत म्हणाले, "लय चांगली हाय गाडी. तिला जागा लागनारच." आणि खाली बसून हार सोडवायला लागले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणा तर नव्हताच. त्यांनी रागावायला हवं होतं. मी सटाण्याची, मला आवाज चढवता आला असता, संजयच्या पाळ्यांची, गल्लीची, महागाईची कारणं सांगता आली असती. पण ते मनापासून गाडी चांगली म्हणत होते. तेव्हा मला कळलं की अण्णांनी खोक्यावर उभं राहून समोर नेमकं काय पाहिलं होतं. कळलं, आणि मी तिथेच दाराला धरून उभी राहिले.

पूजा झाली. त्यांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, "सोनं घ्या पोरी." मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "रामभाऊ, माफ करा." "आता तुमी बी?" ते म्हणाले. "त्यांच्यावानी नका करू. मानसाला लय तरास व्हतो त्याचा." जेवून, पान खाऊन ते संध्याकाळच्या एसटीने गेले. पेटी मी त्यांच्याबरोबर दिली. नको म्हणाले नाहीत.

दसऱ्याची पूजा रामभाऊंचीच, अशी अट मी सातपूरच्या कारागिराला घातली. तो हो म्हणाला आणि त्याने ती पाळलीही. एक वर्ष रामभाऊ त्याच्याकडे गेले. त्यापुढच्या दसऱ्याच्या आत रामभाऊच गेले. आता तो कारागीर मशीनची पूजा आपणच करतो.

शेडमध्ये गाडी असते. फरशीतली बोल्टची भोकं बुजवायची राहून गेलीत. गाडी मागे घेताना चाक त्यांच्यावरून जातं आणि बारीकसा धक्का बसतो. शेजारी बसलेल्या मनूला आता ते सवयीचं झालंय. पण ती लहान असताना एकदा तिने विचारलं होतं, "आई, इथे आलं की तू दरवेळी कुणाला 'माफ कर हं' म्हणतेस?"